तार बंद, टाकी हिरवी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तुमच्या कामाचे अनुभव लिहा, जरा प्रेरणादायी लिहा. मी म्हटलं, प्रेरणा माझ्याकडं शिल्लक नाही. राग आहे, भरपूर आहे, तो चालत असेल तर पाठवते. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद करून राहिले.

माझं काम काय होतं हे आधी सांगावं लागेल, कारण ते आयुष्यभर कुणाला कळलं नाही. नांदेडात एका गल्लीत दोन खोल्यांची आमची कंपनी. मालक करीमभाई. त्यांच्या घरात तीन पिढ्या रेडिओ दुरुस्तीचा धंदा. माणूस हाताचा पक्का अन् तोंडाचा फाटका. स्वतःची तारीफ करायला त्यांना दुसरा माणूस कधी लागला नाही. ते डबे बनवायचे, तारा जोडायचे. त्या डब्यांचं बोलणं कॉम्प्युटरला कळावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम मी लिहायची. त्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या चुलत सासूबाई मरेपर्यंत समजत होत्या की सून नांदेडला टेम्पो चालवते. मी एकदा समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, टेम्पो चालवायला लाज कसली.

तर कॉम्प्युटरचा मेंदू झपाझप काम करतो, पण एका वेळी एकच. त्याच्याभोवती मात्र सतरा जण बसलेले: कीबोर्ड, डिस्क, बाहेरून आलेल्या तारा. कोण कधी बोलेल याचा नेम नाही. मग त्यानं एक तर हातातलं काम सोडून घडीघडी प्रत्येकाला विचारत फिरावं, तुझं काही हाय का, तुझं काही हाय का. नाहीतर ज्याला काम असेल त्यानंच हाक मारावी. या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

आमच्याकडच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. दुष्काळात नळ कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, म्हणून त्याच्याखाली जर्मनची ताटली पालथी ठेवायची. पाणी पडलं की ताटली वाजते. भाकरी थापणारी बाई तव्यावरची भाकरी उतरवते, पीठ झाकते, पळत जाऊन घागर लावते अन् परत चुलीपाशी येते. गाळणं, रांजणात ओतणं, शेजारणीशी भांडणं हे सगळं मागाहून. कर्नल नेमकं हेच करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मशीनचा खरा कारभारी. हाक आली की तो चालू कामाची खूण करून ठेवतो, कोणत्या तारेवरून आली ते बघतो आणि त्या तारेवर नाव लावलेल्या ड्रायव्हरला उठवतो. ड्रायव्हरनं तातडीचं तेवढं करायचं, 'ऐकलं बाबा' म्हणून यंत्राला गप्प करायचं, लांबणीचं काम मागं ठेवायचं आणि मेंदूला त्याच्या भाकरीकडं परत सोडायचं. कढईत तेल तापलेलं असताना बाई जशी म्हणते, आता कुणी हाक मारू नका, तसं कर्नलही थोडा वेळ हाका झाकून ठेवतो. एक हाक मात्र अशी राखलेली असते की ती त्यालाही झाकता येत नाही. ती मशीनच्याच जिवावर बेतलं तर मारायची.

अजून एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या मशीनमध्ये तारा कमी अन् यंत्रं जास्त, म्हणून एका तारेवर दोघंतिघं बसवावे लागतात. हाक आली की कर्नल त्या तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, तुमच्याकडनं आली का? ज्याची असेल तो हाव म्हणतो. कुणीच हाव म्हणेना आणि हाक तर थांबेना, तर लाखभर वेळा विचारून कर्नल ती तारच बंद करून टाकतो. नाहीतर एका बोंबलणाऱ्यापायी मेंदूचा सगळा दिवस जाईल. हाक येत होती, कुणी दखल घेतली नाही, तार बंद केली, असं तो लिहूनही ठेवतो. मशीनला एवढी तरी लाज असते.

माणसांना नसते. मुदखेडच्या एका जिनिंगवाल्यानं आम्हाला सांगितलं होतं, आमच्या सगळ्या यंत्रांना पहिला नंबर द्या. मी म्हटलं, शेठ, सगळेच पहिले तर दुसरं कोण? ते म्हणाले, दुसरे लोकांचे. मी नमस्कार केला आणि आपल्या हिशेबानं नंबर लावले. त्यांना आजतागायत कळलेलं नाही, जिनिंग मात्र चालू आहे.

आता मुद्द्याचं. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावानं आम्हाला बोलावलं. गावाचं नाव घेत नाही, तिथले लोक अजून भांडायला येतील. त्या गावाला जिल्हा व्हायचं होतं. झालेलं नव्हतं, व्हायचं होतं. पण वेशीवर लोखंडी कमान उभी: नियोजित जिल्हा मुख्यालय. न्हाव्याच्या दुकानावर जिल्हा हेअर कटिंग, चहाच्या हॉटेलावर जिल्हा टी हाऊस. नळाला पाणी नाही, पण कमानीचा रंग कधी उडालेला पाहिला नाही. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, दुसरं काय.

या जिल्ह्याचे बाप अण्णा. जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष, दोन-चार शाळांचे मालक, बोलायला लागले की माईकवाल्याचं जेवण थंड होणार. खऱ्या जिल्ह्याला कंट्रोल रूम असते, म्हणून आपल्यालाही पाहिजे, असं अण्णांच्या मनात आलं. मनात आलं ते चुकून चांगलं होतं. गावोगावच्या टाक्यांत पाण्यावर तरंगणारा गोळा, म्हणजे फ्लोट बसवायचा. पाणी तळाला गेलं की फ्लोट खाली जाणार, छोटा बिनतारी संच कंट्रोल रूमला कळवणार, तिथं मशीनच्या खाचेत बसवलेल्या आमच्या कार्डातून कॉम्प्युटरला हाक जाणार आणि पडद्यावर त्या गावाचा ठिपका हिरव्याचा लाल होणार. लाल दिसला की टँकर पाठवायचा. एवढं साधं काम.

कंट्रोल रूमवर पाणीपुरवठ्याचे बिराजदार साहेब. पांढरा शर्ट, टेबलावर देवाचा फोटो, शेजारी अण्णांचा, अण्णांचा मोठा. मशीन त्यांनी कुठल्यातरी कचेरीतून टाकून दिलेलं आणलं. मी म्हटलं, साहेब, हे जुनं आहे, यात तारा कमी. ते म्हणाले, मॅडम, जिल्हा झाल्यावर नवीन घेऊ. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी एक जोड ठेवली होती: हाकेवर विसंबून न राहता तासातासाला प्रत्येक टाकीला आपण होऊन विचारायचं. उत्तर आलं नाही तर ठिपका पिवळा. साहेबांनी ते पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावलं. पिवळं बरं दिसत नाही म्हणे, पाहुण्यांना शंका येते. मी लेखी मागितलं, त्यांनी लेखी दिलं. असल्या गोष्टी लेखी द्यायला आपल्याकडं कुणी घाबरत नाही.

आमच्या यादीत अण्णांच्या स्वतःच्या गावातलं प्रसूती केंद्र होतं. तिथं शकीला सिस्टर. उदगीरच्या जुन्या घरातल्या, उंच, आवाज खणखणीत. आसपासच्या गावांतल्या बाया त्यांच्याकडंच बाळंतपणाला यायच्या, कारण सिस्टरचा हात चांगला अशी ख्याती. सिस्टर म्हणायच्या, हाताचं काही न्हाई, हात धुण्याचं हाय. पाणी नसताना मी कुणाला हात लावत न्हाई, मग ती कलेक्टरची बायको असो. आम्ही डबा बसवला त्या दिवशी त्या स्वतः शिडीवर चढल्या, फ्लोटची दांडी हातानं खाली दाबून धरली आणि टँकर दारात येईपर्यंत खाली उतरल्या नाहीत. टँकरचा ड्रायव्हर चिडला, टाकी भरलेली असताना बोलावलं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, आता मला भरोसा आला.

आता आमच्या भागातल्या एका कलेविषयी सांगते. तिला फ्लोट बांधणं म्हणतात. फ्लोट खाली तर टँकर येतो, हे कळल्यावर लोकांनी काय करावं? सुतळी घेऊन फ्लोट खालीच बांधून टाकावा. मग टाकी भरलेली असो नसो, मशीनच्या लेखी रिकामीच. दुसऱ्या कुठल्या मुलखात यंत्र आल्यावर लोक ते कसं चालतं हे विचारत असतील, आमच्याकडं ते कसं फसतं हे आधी विचारतात. तहानलेल्या माणसानं बांधला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. करीमभाईंनी मात्र शिव्या घालत प्रत्येक फ्लोटला पत्र्याची जाळी केली आणि कुलपं लावली. सुतळीवाले थंडावले.

पण अण्णा तहानलेले नव्हते. त्यांचा बंगला प्रसूती केंद्राच्या समोर, मधे फक्त रस्ता. बंगल्यामागं त्यांची टाकी, नावाला गावची. ती सगळ्यांच्या यादीत बसवणं त्यांच्या मानाला शोभेना. त्यांच्या भाच्यानं वेगळा संच आणला. त्याचा एक मोठा लाल दिवा थेट बिराजदारांच्या टेबलावर लावला, म्हणजे अण्णांचा निरोप कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाकीच्यांच्या रांगेत उभा राहायला नको. पण अण्णांचीही टाकी कॉम्प्युटराइज्ड आहे असं म्हणता आलं पाहिजे, म्हणून भाच्यानं त्याच संचाचं एक कार्ड आणून मशीनच्या रिकाम्या खाचेत खोचून दिलं. त्याचा ड्रायव्हर टाकला नाही. टाकायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि आम्हाला कुणी कळवलं नाही.

उन्हाळा वाढला तशी अण्णांच्या माणसांनी अण्णांच्या फ्लोटला सुतळी बांधली. त्या डब्याला कुलूप लावायची छाती कुणाची होती!

मग एके सकाळी शकीला सिस्टरचा फोन. त्या कधी रडवेल्या बोलायच्या नाहीत, त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, "ताई, तुमचं मशीन खोटं बोलून राहिलंय." त्यांची टाकी कोरडी पडून बरेच दिवस झाले होते. कंट्रोल रूमला फोन केला की उत्तर एकच, तुमचा ठिपका हिरवा हाय. सुरुवातीला केंद्रात कामाला असलेल्या आयांनी घरून घागरी आणल्या. मग आयांच्याच घरी पाणी राहिलं नाही. अण्णांच्या बंगल्यावर मात्र टँकर रोज येत होता, सिस्टरच्या फाटकासमोरून. टाकी भरून वाहायची, रस्त्यावर चिखल व्हायचा. सिस्टर एकदा टँकरपुढं आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, बाई, दिवा ज्याचा लागतो त्याच्याकडं जातो मी, माझी नोकरी जाईल. फोन केला त्याच सकाळी त्यांनी सुरेखा नावाच्या पहिलटकरणीला दारातून परत फिरवलं होतं. कळा सुरू झालेल्या. जीप करून उदगीरच्या दवाखान्याकडं पाठवली होती.

मी निघाले. तालुक्याच्या अलीकडच्या फाट्यावर एसटी थांबली. रास्ता रोको. रस्त्यावर सतरंज्या, वर मांडव, मांडवात अण्णा: जिल्हा आमच्या हक्काचा. मी उतरून चालायला लागले. गाड्यांच्या रांगेत एक जीप होती, मागं एक पोरगी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, शेजारी तिची आई झेंडेवाल्यांच्या हातापाया पडत होती. झेंडेवाला तिला नियम समजावून सांगत होता. ॲम्ब्युलन्स सोडायची असं ठरलंय, ही जीप हाय. मी तिथं जे तोंड सोडलं ते अंकात छापता येणार नाही. एसटीतल्या बायाही उतरून आल्या. शेवटी सतरंजी सरकवून त्यांनी जीप जाऊ दिली, मेहेरबानी केल्यासारखी. बराच वेळ गेला होता. ती पोरगी सुरेखा होती हे मला नंतर कळलं.

कंट्रोल रूममध्ये थंडगार एसी. पडदा हिरवागार, बघून डोळे निवावेत असा. बिराजदार म्हणाले, बघा, एक गाव तहानलेलं न्हाई. त्यांच्या टेबलावर अण्णांचा लाल दिवा मात्र जळत होता. मी मशीनपुढं बसले आणि कर्नलनं काय लिहून ठेवलंय ते काढलं. ती ओळ तिथं होती. आमच्या कार्डाची तार त्यानं कधीच बंद केली होती. झाकण उघडलं, तर आमच्या कार्डाच्या शेजारी एक अनोळखी कार्ड ऐटीत बसलेलं.

चित्र स्पष्ट झालं. जुनं मशीन, तारा कमी, दोन्ही कार्डं एकाच तारेवर. अण्णांचा फ्लोट सुतळीनं खाली बांधलेला, म्हणून अण्णांचं कार्ड सारखं हाक मारतंय. कर्नल विचारतोय, कुणाची? आमचा ड्रायव्हर म्हणतोय, माझी न्हाई, आणि ते खरंच होतं. अण्णांच्या कार्डाच्या वतीनं बोलायला कुणी नाहीच. असं लाख वेळा. मग कर्नलनं तार बंद केली. मशीन वाचवायला त्यानं ते बरोबरच केलं. पण त्याच तारेवर आमची सगळी गावं होती, सिस्टरची टाकी होती. त्यांच्या हाका दारापर्यंत येत होत्या आणि दार बंद. पडद्याला नवीन काही कळेना, म्हणून जुना हिरवा तसाच. तासातासाला विचारायची सोय असती तर त्याच दिवशी कळलं असतं, पण पिवळं साहेबांना बरं दिसत नव्हतं.

हे मी बिराजदारांना ताटली, नळ, घागर लावून समजावलं. त्यांना समजलं, समजलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कार्ड अण्णांचं हाय, त्यांना विचारल्याशिवाय काढता येणार न्हाई, आणि ते सध्या आंदोलनात हायत. मी मशीन बंद केलं, कार्ड उपटलं, त्यांच्या टेबलावरच्या दोन फोटोंच्या मधे ठेवलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

ठिपके लाल व्हायला लागले. एक, मग शेजारचा, मग आख्खी ओळ. प्रसूती केंद्राचा ठिपका पहिल्या झटक्यालाच लाल झाला. एवढे दिवस बाहेर थांबलेली गावं एकदम आत आली. मला वाटलं आता साहेब दचकतील, फोन उचलतील, टँकरवाल्यांना ओरडतील. साहेब पडद्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे म्हणाले,

"मॅडम, सकाळपासून सगळं हिरवं होतं. तुम्ही आल्यावर लाल झालंय."

 आयुष्यात अनेक बिघाड काढले, पण या बिघाडाला पाना लागत नाही. टँकर मी तिथंच ठाण मांडून सोडवले. पहिला सिस्टरकडं पाठवला. तो फाट्यावर अडकला. टँकर ॲम्ब्युलन्स नव्हता ना. उन्हं कलल्यावर आंदोलन उठलं, तेव्हा पोचला.

सुरेखा वाचली. मूल गेलं. दवाखान्यातले म्हणाले, अंमळ आधी आणायला पाहिजे होतं. सिस्टरनी मला फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मी त्या दिवशी करीमभाईंसमोर बसून ढसाढसा रडले. त्या पोरीला मी जीपमध्ये पाहिलं होतं, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाहिल्या होत्या.

पुढं काय झालं विचाराल, तर जे होतं तेच. अण्णांचं कार्ड मानानं परत खोचलं गेलं. तार पुन्हा बंद, पडदा पुन्हा हिरवा. आमचं काम काढून घेतलं, कारण आमच्यामुळं लाल ठिपके वाढले असं वर कळवण्यात आलं. मशीन भाच्याच्या हवाली झालं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. मी नव्या मशीनची मागणी करत वरपर्यंत हेलपाटे घातले. प्रत्येक ठिकाणी खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि उत्तर मिळालं, जिल्हा झाल्यावर बघू.

सिस्टरच्या मात्र दारात रोज नवी बाई येत होती. त्यांना जिल्हा होईपर्यंत थांबता येणार नव्हतं. त्यांनी करीमभाईंना फोन केला, मला नाही. म्हणाल्या, तुमच्या ताईचं मशीन हुशार हाय, मला हुशार नको. मला असं काहीतरी द्या की जे कुणाला बंद करता येणार न्हाई.

करीमभाई खूश. म्हणाले, मी आधीपासून म्हणत होतो, कर्नल-बिर्नल सब झूट. म्हणत नव्हते, पण असो. त्यांनी ट्रकचा मोठा भोंगा आणला, ट्रॅक्टरची बॅटरी आणली, आणि सिस्टरच्या टाकीतल्या फ्लोटची तार सरळ भोंग्याला जोडली. मधे कॉम्प्युटर नाही, कचेरी नाही, साहेब नाही. फ्लोट खाली गेला की भोंगा वाजणार आणि फ्लोट वर येईपर्यंत वाजत राहणार. सगळं जाळीत, कुलपात. माझ्या धंद्याच्या भाषेत ती राखून ठेवलेली, न झाकता येणारी हाक होती, हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी त्याचंही श्रेय घेतलं असतं. भोंग्याचं तोंड कुणीकडं करायचं ते सिस्टरनी शिडीखाली उभं राहून सांगितलं. थोडं डावीकडं. अजून थोडं. हां. भोंगा अण्णांच्या बंगल्याच्या गॅलरीसमोर आला. मी विचारलं, बटन कुठं ठेवलंय? करीमभाई म्हणाले, कशाला ठेवू?

काही दिवसांनी आम्ही दोघं बॅटरी बघायला गेलो, तर बंगल्यासमोर मांडव. नव्या जिल्ह्यासाठी गावं बघायला वरून कसलीशी समिती आली होती. फेटे, हार, थंड पाण्याच्या बाटल्या. बंगल्यामागं टँकर उभा, अण्णांची भरलेली टाकी अजून भरत होता. अण्णा माईकवर. या मातीत आम्ही एकाही माणसाला तहानलेलं ठेवलेलं न्हाई, असं काहीसं चाललं होतं. नेमका तेव्हा सिस्टरचा फ्लोट तळाला गेला.

भोंगा सुरू झाला. लोक कानावर हात ठेवून इकडंतिकडं बघायला लागले. अण्णांनी आवाज चढवला, भोंग्यापुढं आवाज कसला चढतो. समितीतल्या बाई उठून रस्त्याकडं बघायला लागल्या. अण्णांनी दोन माणसं पाठवली. त्यांनी जाळी हलवली, कुलूप ओढलं आणि हात हलवत परत गेले. शेवटी अण्णा स्वतः आले, मागं पाहुणे. सिस्टर पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. आत टेबलावर बाई होती, तिचं कण्हणं भोंग्यातूनही ऐकू येत होतं.

अण्णा म्हणाले, "सिस्टर, ते बंद करा आधी."

"पाणी आलं की आपोआप बंद होतंय, अण्णा. दुसरी सोय न्हाई त्याला."

अण्णांनी करीमभाईंकडं बघितलं. करीमभाई आभाळाकडं बघत होते. तोडून टाका म्हणायला अण्णांची जीभ उचलली असेल, पण समितीतल्या बाई सिस्टरच्या हातांकडं बघत होत्या, मग बंगल्यासमोरच्या चिखलाकडं. भोंगा चालूच. अण्णांनी मान वळवली आणि बंगल्यामागच्या टँकरला हात केला. टँकर रस्ता ओलांडून आला. पाइप टाकीत सोडला. आम्ही सगळे, पुढारी, पाहुणे, फेटेवाले, आया, त्या उन्हात उभे राहून पाणी पडायची वाट बघत होतो. हळूहळू फ्लोट वर आला आणि भोंगा थांबला.

एकदम सगळं शांत. मांडवात माईक तसाच चालू होता, त्याची घुंईघुंई ऐकू येत होती. अण्णा सिस्टरसमोर उभे. माणसांची गर्दी बघून बोलायची सवय, म्हणून तोंड उघडलं, तर आपला नवा जिल्हा, एवढं म्हणाले आणि पुढचं सुचेना. मला वाटलं आता सिस्टर बोलतील. सुरेखाचं नाव घेतील, त्या गेलेल्या लेकराचं काढतील, चार माणसांत याचं पाणी उतरवतील. मी तर ते ऐकायला आतुर झाले होते. सिस्टरनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या मागं वळल्या, आत गेल्या, कोपरानं नळ सोडला आणि हात धुवायला लागल्या.